सहा तारखेपर्यंत

न्यूफाउंडलंडच्या ज्या टोकाला रस्ता संपतो
तिथून पुढे अजून अकरा घरं आहेत.
त्यातलं पिवळं आमचं.

नाताळ ते सहा जानेवारी
इथली माणसं सोंगं घेतात.
तोंडावर उशीचा अभ्रा, नाहीतर खिडकीचा जाळीचा पडदा,
पाठीला कुबड, बूट उलटे,
डावा उजव्या पायात,
आणि दार वाजवून, श्वास आत ओढत विचारायचं,
"सोंगं चालतील का घरात?"
आत ओढत बोललं की कुणाचाच आवाज कुणाचा राहत नाही.
घरच्यांनी ओळखायचं. नाव बरोबर निघालं
की पडदा वर. मग केक, मग रम.

एकोणीस वर्षांची होते तेव्हा
हेडलीच्या मावशीचा फुलाफुलांचा झगा घालून
अकराच्या अकरा घरांत नाचले.
लोक पोट धरून हसले. काय बाई शोभतोय, म्हणाले.
हेडली नाही हसला.
मासे सुकवायच्या मांडवाआड
जाळीवरूनच त्यानं ओठ टेकले.
थोडं सूत, थोडी रम.

सहा तारखेच्या रात्री विचारलं,
हा झगा मी काढलाच नाही तर?
"मावशीला उद्या परत हवाय," तो म्हणाला.
एवढंच.
घाबरला होता, की खरंच मावशीला हवा होता,
यावर मी टोरांटोत तेरा वर्षं काढली.

म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.
पैशाचंही आणलं मी, पहिले दोन हिवाळे,
उसन्या कोटात.
आणता येईना ते मुलग्याचं.

यंदा आईचा गुडघा बदलला म्हणून आले.
आई मला डॉर्कस म्हणते.
मध्येच जुन्या नावाचं पहिलं अक्षर तोंडात येतं,
ते गिळते, वर चहाचा घोट घेते.

अठ्ठावीसच्या रात्री दार वाजलं.
पाच सोंगं, अ‍ॅकॉर्डियनसकट, बर्फ झटकत.
चार आईनं चुटकीसरशी ओळखली.
पाचवं उंच. उलटा घातलेला रेनकोट,
हातांत भांडी घासायचे गुलाबी मोजे.
चहा दिला तर त्यानं कपाचा कान धरला नाही,
दोन्ही तळव्यांत कप घेतला, पिल्लू घ्यावं तसा.
मी ओळखलं. बोलले नाही.
नाव घेतलं नाही तर पडद्याआडच राहायचं, नियमच आहे.
तेरा वर्षं राहिलाय, म्हटलं,
राहील अजून दहा मिनिटं.

आई एकेक चुकीचं नाव घेत होती.
मुद्दाम, असं आता वाटतं.

मग त्या सोंगानंच माझ्याकडे बोट केलं
आणि श्वास बाहेर सोडत, स्वतःच्या घोगऱ्या आवाजात
म्हणालं, "डॉर्कस."

अ‍ॅकॉर्डियन थांबलं. सोंगानं कुठं नाव घ्यायचं असतं!
आणि माझ्या तोंडावर तर
वर करायला काही नव्हतंच.

"हेडली," मी म्हणाले.
पडद्याखाली दाढी, अर्धी पांढरी.
चष्म्यावर वाफ.

नंतर बाहेर पायरीवर, शून्याखाली अकरात:
झगा परत दिलास?
"मावशीनं मागितलाच नव्हता."
तो बर्फाकडे बघत राहिला. मीही.
नीट उत्तर द्यायला त्याला वेळ लागतो, विसरलेच होते.
"घाबरलो होतो मी.
आहे अजून माझ्याकडे. एका बाहीला कसर लागलीय."
आता नाही होणार तो मला.
"घाल म्हणून नाही सांगितलं."

माफ केलं, असं मी म्हटलं नाही.
म्हटलं, सहा तारखेपर्यंत बघू.

सात तारखेला सकाळी आई काठी टेकत स्वयंपाकघरात आली.
शेगडीपाशी मोठाले बूट वाळत होते, अस्ताव्यस्त.
काठीच्या टोकानं तिनं ते लावले,
डावा डावीकडे, उजवा उजवीकडे,
आणि फळीवरून
तीन कप काढले.